जन्म न दिलेल्या आईला बाळाचा लळा कसा लागेल?

बाळ तीन आठवड्यांचं, जन्म जोडीदारणीने दिला, अंगावरही तीच पाजते आणि तुम्ही नुसत्या दुपट्यांच्या घड्या घालत बसता, असं तुम्ही लिहिलंय. मग एक काम पूर्ण तुमचं करून घ्या: मालीश-आंघोळ. तुमच्या बडोद्यात दांडिया बाजारात मालीशवाली बाई मिळेलच, पण तिला बाळंतिणीपुरतीच ठेवा. आंघोळ झाली की बाळाला नुसत्या लंगोटात तुमच्या उघड्या छातीवर घ्या, वर दुपटं (बडोद्याच्या उकाड्यात पातळच). अशा स्पर्शाने जन्म न दिलेल्या माणसातही ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळीक वाढवणारं संप्रेरक, वाढतं. या वयात बाळाला २०-३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणून चेहरा जवळ ठेवून बोला, अंगाई रोज तीच म्हणा. पाजणं नीट बसलं की एखाद्या वेळचं काढलेलं दूध तुम्ही वाटी-चमच्याने द्या. लळा पहिल्या दिवशी लागत नाही. जन्म देणाऱ्या कित्येकींनाही वेळ लागतो.

‘खरी आई कोण?’ असं शेजारच्या काकू विचारतीलच. ‘दोघी’ म्हणायचं आणि चहा टाकायचा.

कागदोपत्री मात्र ढिलाई नको. २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, त्यामुळे कायद्याने पालक तुमची जोडीदारीणच. तिच्या मृत्युपत्रात पालक म्हणून तुमचं नाव घालायला वकिलांना आत्ताच भेटा.