त्यांनी सातबारा रंगवला

प्रश्न : मी धरमपेठेत लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. ऑस्ट्रेलियातील आदिवासींची ठिपक्यांची चित्रे मुलांना फार आवडतात. तिथली मुले ही कला कोणाकडून शिकतात? आणि ती आपल्या वर्गात शिकवावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तिथल्या मुलांच्या हाती ब्रशच्या आधी वाळू येते. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आजी किंवा मावशी तळहाताने वाळू सपाट करते, बोटाने खुणा काढत गोष्ट सांगते आणि पुढच्या प्रसंगासाठी ती पुसून टाकते. इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेले माणूस (मांडी घालून बसलेला माणूस उठून गेला की वाळूत तसाच ठसा राहतो), तर एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. त्याच बायकांबरोबर कंद आणि रानफळे आणायला जाताना कोणता खडक कोणत्या पूर्वजाचा आणि पाणी कुठे लागते, हे मुलांना कळत जाते.

कोणती गोष्ट कोणी रंगवायची, हे मात्र नाते ठरवते. वार्लपिरी समाजात वडिलांकडून ज्याला हक्क येतो तो किर्दा आणि आईकडून येतो तो कुर्दुंगुर्लू. किर्दाचे काम नीट होते की नाही, यावर कुर्दुंगुर्लूने देखरेख ठेवायची. म्हणजे मामाच्या कामावर भाच्याची नजर, आणि ती मला मोठी शहाणपणाची वाटते.

कॅनव्हास तसा अलीकडचा. १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या या वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर ज्येष्ठांनी मधमुंगीची कथा रंगवली आणि पुढच्याच वर्षी चित्रकारांनी स्वतःची कंपनी काढली. १९९७ मध्ये तर ग्रेट सँडी वाळवंटातील चाळीसहून अधिक चित्रकारांनी सुमारे आठ बाय दहा मीटरच्या एकाच कॅनव्हासवर आपापले पाणवठे रंगवले आणि जमिनीच्या दाव्यात तोच पुरावा म्हणून मांडला. ज्याचा जो पाणवठा, त्याने चित्रात त्यावर उभे राहून आपल्या भाषेत साक्ष दिली. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. आपण सातबारा तलाठ्याकडून काढतो, त्यांनी तो रंगवला.

म्हणून ही चित्रे वर्गात अवश्य दाखवावीत, समजावून सांगावीत, पण नक्षी म्हणून उतरवून घेऊ नयेत. त्याऐवजी काटोलची संत्र्याची बाग असो की उमरेडकडची पांदण, आजीच्या गावाची वाट मुलांनी तिलाच विचारून यावी आणि आपल्या खुणांनी काढावी. आजी फोनवर सांगणार असेल तर चित्र पुढच्या आठवड्यात मागा. मूल गावी जाणार असेल तर दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत थांबा.