दोन देशांत मत आहे, नाशकात नाही

प्रिय मावशी,

मी सतरा वर्षांची आहे, बारावीला आहे, गंगापूर रोडला राहते. माझा जन्म न्यू जर्सीचा. मी चार वर्षांची असताना आम्ही टोरांटोजवळ राहायला गेलो आणि २०१६ मध्ये आम्हा तिघांनाही कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. २०१८ मध्ये आजी गेली, आजोबा एकटे पडले, म्हणून आम्ही कायमचे नाशिकला आलो. माझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, कॅनडाचा आहे आणि भारताचं ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड आहे.

गेल्या महिन्यात कॉलेजात मतदार नोंदणीचं शिबिर झालं. सगळ्यांनी फॉर्म भरले, मी बाकावर बसून राहिले. एक मुलगा म्हणाला, "हिला काय, हिला तीन-तीन देश आहेत." मैत्रीण म्हणाली, "आधार कार्ड आहे ना, मग भर की." मी नाही भरला. घरी येऊन खूप रडले. मला इतकी वर्षं वाटायचं की ओसीआय म्हणजे नागरिकत्वच. नावातच आहे ना ते!

आजोबा नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. त्यांना दिंडोरीच्या द्राक्षबागेतला एक एकर माझ्या नावावर करायचाय. काका म्हणतात, ती परदेशी, तिच्या नावावर काही होत नाही. बाबांचे एक मित्र म्हणतात, अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत एकच देश निवडावा लागतो. माझा वाढदिवस दोन महिन्यांवर आलाय. आई म्हणते, अमेरिकेचा पासपोर्ट सोडायचं नावही काढू नकोस. बाबांचा रद्द झालेला, कोपरा कापलेला भारतीय पासपोर्ट आजोबांनी स्वतःच्या कपाटात ठेवलाय. तो दिसला की मला उगाच अपराधी वाटतं. मला मेडिकलला जायचंय, पण अभ्यासात लक्ष लागत नाही. मावशी, मी स्वार्थी आहे का? आणि मी नक्की कुठली?

— नाशिककर म्हणावं की नाही, कळत नाही

प्रिय बाळा,

आधी ती सहा महिन्यांची धास्ती मनातून काढून टाक. बाबांच्या मित्रांनी सांगितलेला नियम खरा आहे, पण तो तुझ्यासाठी नाही. परदेशात जन्मलेल्या काही मुलांची नोंद आईवडील तिथल्या भारतीय वकिलातीत करतात आणि ती मुलं भारताची नागरिक होतात. त्यांच्याकडे दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते दुसरं सोडावं लागतं, नाहीतर भारताचं जातं. नागरिकत्व कायदा १९५५ चा, त्यातल्या चौथ्या कलमात हे आहे. आता तुझं बघ. ती नोंद करताना आईवडिलांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. तुझ्याकडे अमेरिकेचा होता. शिवाय ओसीआय मिळतं ते भारताचे नागरिक नसलेल्यांनाच. म्हणजे भारताचं नागरिकत्व तुझ्याकडे कधी नव्हतंच, त्यामुळे वाढदिवशी हातातून जाण्यासारखं काही नाही. अमेरिका तुला एक देश निवडायला सांगत नाही आणि कॅनडाने तर १९७७ पासूनच एकाहून जास्त नागरिकत्वं मान्य केली आहेत. अठरावा वाढदिवस निवांत साजरा कर.

दुसरं, त्या शिबिरात तू फॉर्म भरला नाहीस हे फार चांगलं केलंस. तुझी मैत्रीण मायेनेच बोलली असेल, पण आधार म्हणजे इथे राहणाऱ्या माणसाची ओळख, नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. मतदार नोंदणीच्या सहा नंबरच्या फॉर्मवर 'मी भारताचा नागरिक आहे' असं स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागतं. ते खोटं लिहिणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सगळा वर्ग उठलेला असताना सतराव्या वर्षी बाकावर बसून राहायला किती बळ लागलं असेल, ते मला कळतंय गं.

आणि तुझं रडणंही मला पटतं. ओसीआयचं नाव फसवं आहेच. त्या नावातल्या 'सिटिझन' या शब्दाने तुझ्यासारख्या कितीतरी मुलांची समजूत चुकते. शेवटी २०१५ मध्ये कायद्यानेच त्यापुढे 'कार्डधारक' हा शब्द जोडला. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे. ये, राहा, शीक, बहुतेक कामं कर. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. त्याच नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की ज्याने आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तो भारताचा नागरिक राहत नाही.

यातलं मला सर्वांत जास्त लागलं ते सांगते. अठरा पूर्ण झालं की तू अमेरिकेच्या निवडणुकीत मत देऊ शकशील, तेही न्यू जर्सीतल्या शेवटच्या पत्त्यावरून. कॅनडाच्याही देऊ शकशील. जिथे तू चार वर्षांची होईपर्यंत होतीस आणि जिथे दहाव्या वर्षापर्यंत होतीस, ती दोन्ही ठिकाणं तुझं मत मोजतील. आणि जिथे आठ वर्षं राहतेस, जिथल्या नळाला पाणी कधी येतं हे तुला पाठ आहे, गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला हे जिथे तू सगळ्यांबरोबर विचारतेस, त्या गावाचा नगरसेवक निवडताना तुला कोणी विचारणार नाही. 'तुला तीन-तीन देश आहेत' म्हणणाऱ्या मुलाला हे दिसलं नाही. तुझ्या पोटात तुटतंय ते याच जागी, आणि मी त्यावर गोड बोलून पांघरूण घालणार नाही. माणूस जिथे कायमचा राहतो तिथे त्याला मत असावं, असं मला मनापासून वाटतं. पण आजचा कायदा तसा नाही.

मात्र एक दार उघडं आहे आणि ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. ओसीआय म्हणून नोंद होऊन पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधीचे बारा महिने माणूस भारतात राहत असेल, तर सज्ञान झाल्यावर त्याला भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. नागरिकत्व कायद्याचं कलम पाच. तुझं कार्ड २०१८ च्या सुमाराचं असणार, म्हणजे पाच वर्षं केव्हाच झाली. अट एवढीच की बाकीची दोन्ही नागरिकत्वं सोडावी लागतील.

म्हणून अठरा झाल्याझाल्या अर्ज करायचा का? माझं स्पष्ट मत आहे, नको. अमेरिकेचं नागरिकत्व एकदा सज्ञानपणी सोडलं की 'चुकलं, परत द्या' असं म्हणता येत नाही. भारताचं दार मात्र पाच वर्षांनीही उघडं असेल, दहा वर्षांनीही. शीक, कमव, दोनचार गावांत राहून बघ. पंचविशीत, तिशीत तुला वाटलं की आयुष्य इथेच काढायचंय, इथल्या बऱ्यावाईटाला आपणच जबाबदार, तर तेव्हा कर आणि ताठ मानेने कर. बाकावरच्या एका टोमण्याला उत्तर म्हणून करू नकोस.

आता आईकडे येऊ. तू तिच्यावर थोडी रागावली आहेस, पत्रातून कळतं. तिला आणि बाबांना एकदा निवांत विचार, की अमेरिका सोडून कॅनडाला का गेलो? तुमच्या घरचं कारण मला माहीत नाही, पण त्या काळात तिथून निघालेल्या अनेक भारतीय कुटुंबांची कथा सारखी आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे वर्षानुवर्षं सरकत नाही. नोकरी गेली तर देश सोडायचा, या टांगत्या तलवारीखाली माणसं संसार करतात. आणि त्याच घरात पाळण्यातलं बाळ मात्र जन्मतःच अमेरिकेचं नागरिक, कारण १८६८ पासून त्यांची घटनाच तसं सांगते. तुझ्या आईने अशी वर्षं काढली असतील, तर 'सोडू नकोस' हे ती लोभाने म्हणत नाही. रांगेत उभं राहिलेलं माणूस बोलतंय ते.

बाबांचंही तसंच. ज्या दिवशी त्यांनी कॅनडाची शपथ घेतली, त्या दिवशी त्यांचं भारताचं नागरिकत्व आपोआप गेलं. नंतर पासपोर्ट जमा करायचा, तो रद्द होऊन परत मिळतो. आजोबांच्या कपाटात आहे तो हाच. आणि आजोबा प्रेसमधले! अख्ख्या देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. मी नाशिक रोडचीच आहे, आमच्या गल्लीत निम्मी घरं प्रेसवाल्यांची होती. भोंगा झाला की ही माणसं सायकली काढायची आणि आत काय छापलं याविषयी घरीही चकार शब्द काढायची नाहीत. तशा माणसाने मुलाचा कोपरा कापलेला पासपोर्ट जपून ठेवलाय. त्यात तुला आरोप दिसतो, मला दिसत नाही. आरोप करायचा असता तर त्यांनी तो बाबांच्या टेबलावर टाकला असता. पण मी अंदाज करत बसण्यापेक्षा तू त्यांना विचार. 'आजोबा, हा का ठेवलात?' एवढंच विचार आणि मग ऐकत बस.

जमिनीबाबत काका अर्धे बरोबर आहेत. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्राने घेताही येत नाही. त्यामुळे आजोबांनी आत्ता घाईने तुझ्या नावावर काही करू नये, कोणी 'करून देतो' म्हणालं तरी नाही. पण वारशाने शेतजमीन मिळू शकते. आजोबांनी मृत्युपत्रात तो एक एकर तुला दिला, तर पुढे फेरफार होऊन सातबाऱ्यावर तुझं नाव लागू शकतं. नंतर विकायची वेळ आली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्या, पुढची भांडणं टळतात. जमीन वडिलोपार्जित आहे की आजोबांच्या स्वकष्टाची, हे मात्र आधी वकिलाला दाखवा. सगळं त्यावर ठरतं.

मेडिकलचं थोडक्यात सांगते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय मुलांना फक्त एनआरआय जागांपुरतं ठेवलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती पुढच्यांना लागू, आधी कार्ड घेतलेल्यांचा हक्क त्याने जात नाही. म्हणून तुझ्या कार्डावरची तारीख सोन्यासारखी आहे. त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेव. राज्याच्या कोट्याचे नियम वेगळे असतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. आणि एक, आजोबांनी तुझ्या नावे एफडी केल्या असतील तर बाबांना सांग. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याच्या मिळकतीवर तिथला कर कायदा लागू असतो, आणि परदेशातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर ते कळवावं लागतं. बँकेच्या फॉर्मवर खरं ते लिहा आणि हे काम कळणारा सीए गाठा.

राहिलं 'मी कुठली'. आपल्याकडे हा प्रश्न कोणी पासपोर्ट बघून विचारत नाही. सिडकोत चाळीस वर्षं राहिलेल्या माणसाला विचार, तो सांगेल, 'आम्ही खानदेशचे.' आखाजीला तो गावी जातो, अंबडच्या कंपनीत कामाला जातो, मुलीचं लग्न नाशकातच करतो, आणि त्याला कोणी म्हणत नाही की यातलं एक निवड. आपल्या बायकांना तर माहेर आणि सासर अशी दोन घरं मनात वागवायची सवयच असते. तुझी ठिकाणं जरा लांब-लांब आहेत, इतकंच. त्या मुलाने पुन्हा विचारलं तर सांग, 'जन्म न्यू जर्सीचा, शाळेची पहिली वर्षं कॅनडाची, घर नाशिकचं.' तिन्ही खरं आहे, आणि तिघांपैकी एकाचीही लाज वाटण्यासारखं काही नाही.

स्वार्थी असतीस तर तो फॉर्म भरून मोकळी झाली असतीस.

येत्या रविवारी आजोबांना घेऊन सगळे बागेत जा. काकांनाही बोलवा, नाहीतर पुढे मनात राहील. जमिनीचं बोलणं जेवणं झाल्यावर काढा, आणि ते आजोबांना काढू दे.

तुझी,
मावशी