गच्चीच्या डांबरी शीटचा हिशोब

सोसायटीचा सेक्रेटरी झालास, अभिनंदन. आता गच्चीची गळती थांबवायला डांबरी शीट घालायचं कोटेशन. कंत्राटदार ‘स्क्वेअर फुटाला इतके’ म्हणाला की लगेच मान डोलवू नकोस, आधी स्वतः टेप धर.

समज, गच्ची 60 बाय 40, म्हणजे 2400 चौरस फूट. पण शीट कठड्यावरही फूटभर चढते. घेर 200 फूट, म्हणजे आणखी 200. एकूण 2600. रोल 1 बाय 10 मीटरचा, कागदावर 107 चौरस फूट. बाजूला 10 आणि टोकाला 15 सेंटिमीटरचा जोड (एक शीट दुसरीवर चढते तो भाग) धरला की हातात उरतात जेमतेम 95. म्हणजे 28 रोल. टाकीचे पाये, पाइप, कापाकापी धरून 30 मांड. आमच्या वेळी जोड धरलेच नव्हते, मग ऐन कामात ‘एक्स्ट्रा’चं बिल आलं!

खरा खर्च शीटखाली असतो. जुना कोबा फोडणं, डेब्रिज उतरवणं (लिफ्ट नसेल तर विचारूच नकोस), उतार, कोपऱ्यांचे वाटे (सिमेंटची गोलाई), प्रायमर (शीटखालचा चिकट थर). हे वेगवेगळं लिहून घे. जाडी 3 की 4 मिलिमीटर आणि जीएसटी धरलाय का, तेही. शीट उघड्यावर राहणार असेल तर 4च घे.

काम मेच्या मध्यापर्यंत उरकायचं. ओल्या स्लॅबवर शीट चिकटत नाही.