अकाउंट ॲग्रीगेटरवर काम करताना डेव्हलपरने आधी कोणत्या संज्ञा समजून घ्याव्यात?

तुम्ही नागपुरात कर्जाचं ॲप बनवताय, तर इतवारीतला एखादा किराणा व्यापारी डोळ्यासमोर ठेवा. त्याचं खातं ज्या बँकेत आहे ती एफआयपी, म्हणजे माहिती देणारी. कर्ज देणारी संस्था एफआययू, म्हणजे माहिती वापरणारी. मधला अकाउंट ॲग्रीगेटर ही रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांखाली परवाना घेतलेली एनबीएफसी, म्हणजे बिगर-बँक वित्त कंपनी असते. तो ग्राहकाच्या संमतीने एफआयपीकडची माहिती एफआययूपर्यंत फक्त पोचवतो. ती एन्क्रिप्टेड असते, त्यामुळे त्याला वाचता येत नाही. जीएसटीएन, म्हणजे जीएसटीची माहिती सांभाळणारं नेटवर्क, हेही एफआयपी आहे, व्यापारी कर्जात त्याचा फार उपयोग होतो.

खरा गोंधळ संमतीत होतो. तुम्ही ॲग्रीगेटरला संमतीची विनंती पाठवली की कन्सेंट हँडल मिळतं, ते तात्पुरतं. व्यापाऱ्याने मंजुरी दिल्यावरच कन्सेंट आयडी तयार होतो. डेटा मागताना हाच आयडी द्यायचा, मग सेशन आयडी येतो आणि त्यावरून डेटा उचलायचा. हे तीन आयडी डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या कॉलममध्ये ठेवा.

कन्सेंट आर्टिफॅक्ट, म्हणजे संमतीचा डिजिटल दस्तऐवज, नीट वाचाच. त्यात उद्देश, कोणत्या तारखांचे व्यवहार, एकदाच की वारंवार, हे सगळं लिहिलेलं असतं. डेटा लाइफ म्हणजे तो डेटा तुम्ही किती काळ ठेवू शकता. मुदत संपली की पुसायचा, बॅकअपमधूनही. ग्राहक संमती कधीही मागे घेऊ शकतो, म्हणून प्रत्येक वेळी डेटा मागण्याआधी स्टेटस तपासा.

तांत्रिक तपशिलांसाठी रीबिट, म्हणजे रिझर्व्ह बँकेची आयटी कंपनी, हिचे स्पेसिफिकेशन्स वाचा.