बेळगावातल्या जुन्या संरक्षित वीटघराच्या दरजा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरल्यावर विटाच झडायला लागल्या. आता काय करावे?

सिमेंट काढावे लागेल. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र असते. भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी आधी चुन्याच्या दरजांतून सुकून जायचे, सिमेंटने ती वाट बंद केली. मग पाणी विटेतून बाहेर येते, क्षार तिच्या तोंडाशी साठून फुगतात आणि पापुद्रे सुटतात. यालाच लोणा म्हणतात.

ग्राइंडर लावू नका, विटेच्या कडा उडतात. बारीक छिन्नीने दरज रुंदीच्या दुप्पट, साधारण 20 ते 25 मिमी खोल मोकळी करा, ब्रशने झाडा आणि पाणी मारा. माल 1 भाग भिजवून मुरवलेला चुना, 1 भाग सुरखी (भाजलेल्या विटेची भुकटी) आणि 2 भाग चाळलेली वाळू. सुरखी मंद भाजलेल्या विटेचीच हवी, कडक जळक्या विटेची भुकटी नुसती भर ठरते. माल विटेच्या तोंडावर पसरू देऊ नका आणि दरज किंचित आत दाबा.

खरी गोम पुढे आहे. चुना झटपट वाळला की भुसभुशीत होतो, म्हणून किमान 7 दिवस ओले गोणपाट लावा. घाईतल्या गवंड्याला हे पटत नाही, तरी मूठभर सिमेंट ‘ताकदीसाठी’ टाकू देऊ नका. काम दिवाळीनंतर काढा. त्याआधी कौले, पन्हळ आणि जोत्याजवळचा निचरा बघा, नाहीतर लोणा परत येईल.

घर कॅन्टोन्मेंट हद्दीत असेल तर आधी बोर्डाकडे परवानगीचे विचारा.