'पोक अराउंड' म्हणजे टोचणं नव्हे, खुडबुड

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या ग्राहकाने मेलमध्ये 'आय पोक्ड अराउंड इन द सेटिंग्ज' असं लिहिलंय. शब्दकोशात 'पोक' म्हणजे टोचणे, ढोसणे. मग त्याने नेमकं केलं काय, आणि आपल्यावर संशय घेतोय का?

संशय नाही हो. सेटिंग्जमध्ये थोडी खुडबुड करून बघितली, एवढंच म्हणतोय. 'अराउंड' लागलं की इथे जरा ढोस, तिथे जरा उघडून बघ, असं होतं.

आपल्याकडे नाशकात बुधवारी गोदाघाटावर भाजी घ्यायला गेलेला माणूस उगाच भांडी बाजारात शिरतो. पितळी डब्याचं झाकण काढून बघतो, तांब्याच्या घंगाळावर टिचकी मारतो. दुकानदाराने 'काय दाखवू?' विचारलं की गडबडतो, कारण घ्यायचं काहीच नसतं. हे पोक अराउंड. ब्रिटिश लोक 'पोक अबाउट'ही म्हणतात.

हरवलेली किल्ली शोधतानाही हे चालतं, पण मग 'फॉर' हवा: 'पोक अराउंड फॉर द की'. तो विसरलात तर तुम्ही किल्लीच्या अवतीभवती काहीतरी उकरताय असं होईल!

खरी गंमत ड्रॉवर कुणाचा यात आहे. स्वतःचा असेल तर खुडबुड, दुसऱ्याचा असेल तर लुडबुड. मराठीत शब्दच बदलतो, इंग्रजीत 'पोक अराउंड' दोन्हीकडे खपतं. रोख संदर्भावरून ओळखायचा. उघडउघड भोचकपणा म्हणायचा असेल तर 'नोज अराउंड' किंवा 'स्नूप अराउंड' आहेतच. 'स्नूप' डच भाषेतून आला, मूळ अर्थ चोरून गोडधोड खाणं. दिवाळीत फराळाच्या डब्यांवर ज्यांनी हात मारलाय त्यांना तो वेगळा समजवायला नको. 'रूट अराउंड'मधल्या 'रूट'चा मात्र झाडाच्या मुळाशी संबंध नाही. डुक्कर नाकाने माती उकरतं, ते हे.

तुमच्या ग्राहकाने स्वतःच्याच सेटिंग्ज चाळल्यात, तेव्हा निश्चिंत राहा. फक्त उत्तरात 'वी विल पोक अराउंड' लिहू नका, 'वी विल लुक इनटू इट' लिहा. मी एकदा भाव खायला पहिलं लिहिलं होतं. पलीकडून लगेच विचारणा आली, 'ते ठीक, पण नीट तपासणार कधी?'