पुण्यातली लहान मुलं शहरावरून कसले विनोद करतात? बाहेरून आलेल्या मुलांना ते कसे कळतील?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही इंदूरहून कोथरूडला राहायला आलात. मुलगी आठ वर्षांची, घरी मराठीच बोलता, तरी शाळेच्या व्हॅनमधली मुलं कशावर खिदळतात ते तिला कळत नाही. म्हणून तिला ‘पुणेरी विनोद’ शिकवायचे आहेत.

आधी व्हॉट्सअ‍ॅपवरचे पुणेरी विनोद बाजूला ठेवा. ते मोठ्यांचे. दुकान एक ते चार बंद असण्यात गंमत वाटायची तर माणसानं एकदा तरी भर उन्हात बंद शटरसमोर चरफडत उभं राहिलेलं असावं लागतं. मुलांचा असा काही राग नसतो. दुपारी दुकान बंद, रात्री सूर्य बंद, त्यांना दोन्ही सारखंच. ती हसतात ते वेगळ्या कारणानं. या गावातली नावं आणि सूचना ती अक्षरशः खरी धरतात आणि मग पुढचे प्रश्न विचारत सुटतात.

त्यासाठी पुण्यासारखं गाव नाही, कारण इथल्या देवांची नावंच तशी आहेत. उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा. जिलब्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती. खुन्या मुरलीधर, दाढीवाला दत्त, चिमण्या गणपती, गुपचूप गणपती. ही सगळी खरी देवळं आहेत, बहुतेक जुन्या पेठांत, आणि बरीचशी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मोठी माणसं ही नावं पत्ता सांगायला वापरतात, ‘भिकारदासापासून डावीकडे’ वगैरे. मुलांच्या हाती तीच पडली की त्यांचं नाटक होतं. मी पेठेतच वाढले. आमच्या वाड्यात उपाशी विठोबा रोज जिलब्या मारुतीकडून डबा मागवायचा. भिकारदासाकडे कुणी सुट्टे मागितले की तो म्हणायचा, “पुढे व्हा, सोन्या मारुतीकडे बघा.” आणि सगळ्यात रंगायचा तो खटला. खुन्या मुरलीधरावर खुनाचा आळ. साक्षीदार कोण? गुपचूप गणपती. त्याला सगळं माहीत, पण तो बोलणार कसा? न्यायाधीश कुणीही होवो, खटला तिथेच अडायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. इतक्या वर्षांनी माझ्या भाच्यांनी हाच खटला स्वतःच्या डोक्यानं पुन्हा शोधून काढला. त्यांना कुणी शिकवला नव्हता.

नावांमागच्या गोष्टी सांगायला हरकत नाही, पण सांगून झाल्यावर गप्प बसा. डुल्या मारुती पानिपतावर मराठे हरले तेव्हा डुलला अशी आख्यायिका आहे. ती ऐकून आमच्या शेजारच्या मुलीनं विचारलं, “डुलला म्हणजे हो म्हणाला की नाही म्हणाला?” शनिवारवाड्याच्या पटांगणात पूर्वी भाजीबाजार भरायचा, तिथला तो बटाट्या मारुती. १८८६ साली मंडईची इमारत झाली, बाजार तिकडे गेला, मारुतीचं नाव तेच राहिलं. “मग आता त्याला बटाटे कोण आणून देतं?” हा प्रश्न मला मूळ माहितीपेक्षा जास्त आवडतो. देवांवर हसतात म्हणून कुणी डोळे वटारले तर मनावर घेऊ नका. ही नावं पुणेकर मोठ्यांनीच ठेवली आहेत आणि आमची आजी हात जोडताना हीच नावं घ्यायची.

मग पेठा. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा पुण्यात आहेत आणि जुनी माणसं ‘आम्ही शनिवारात राहतो’ असंच म्हणतात. मुलांना एवढं पुरतं. “आजी शनिवारात राहते. मग रविवारी कुठे जाते?” किंवा “रविवार पेठेतल्या शाळेला रोज सुट्टी असते का?” नळ स्टॉपला नळ शोधायचा. लकडी पुलावर लाकूड शोधायचं, तो आता दगडी आहे. सारसबागेतला गणपती हा तळ्यातला गणपती, तर तळं शोधायचं. तुमची मुलगी गावात नवीन आहे ही उलट तिची जमेची बाजू आहे. इथल्या मुलांच्या कानांना ज्या नावांची सवय झालेली असते, ती तिला अजून ऐकू येतात.

सारसबागेचं निघालंच आहे तर डिसेंबर-जानेवारीत तिला तिथे नक्की न्या. थंडी पडली की तिथल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. मोठे लोक हे फोटोपुरतं बघतात. मुलांची चिंता खरी असते: सोंडेला मोजा का नाही? उंदराला काय घालतात?

गणपतीवरून आठवलं. पुण्याची विसर्जन मिरवणूक सकाळी सुरू होते ती दुसरा दिवस उजाडला तरी चालूच असते. मोठ्यांची चर्चा रहदारी, ढोलपथकं, स्पीकर यांची. आमच्याकडे एका पाच वर्षांच्या पाहुण्याला भलताच प्रश्न पडला होता, “एवढ्या उशिरा घरी गेल्यावर त्याची आई रागवत नाही?” त्याच्या ताईनं त्याला समजावलं की गौरी आधीच गेल्या आहेत, त्यामुळे बाप्पाला विचारणारं कुणी उरलेलं नाही. पुलाचंही तसंच झालं. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ साली २ ऑक्टोबरच्या पहाटे सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला, तरी तो पुरता पडेना, शेवटी यंत्रं लावावी लागली. मोठ्यांनी त्यावर ‘पूलसुद्धा पुणेकर, सहजासहजी ऐकत नाही’ असे विनोद केले. आमच्या सोसायटीतल्या मुलांचा प्रश्न एकच होता: सहाशे किलो म्हणजे किती लवंगी माळा?

तुम्ही स्वतः काही करू शकाल असं म्हणाल तर दुकान-दुकान खेळा. भातुकलीतलं दुकान सगळीकडे असतं, पण पुण्यातल्या मुलांच्या दुकानात विकण्यापेक्षा न विकण्याला महत्त्व. माझी भाची दुकानदार झाली की गिऱ्हाइकाची खैर नसते. “साखर आहे का?” “समोर दिसत नाही?” “अर्धा किलो द्या.” “पिशवी आणलीत?” “नाही.” “मग चारनंतर या.” आणि ती खरोखर दुकान मिटून चित्र काढायला निघून जाते. गिऱ्हाईक झालेल्या मामानं जितकं गयावया करावं तितकी मजा. यात टोमणा वगैरे काही नाही. मोठ्या माणसाला नाही म्हणायची परवानगी मुलाला एरवी कुठे मिळते?

दुसरं, पाट्या. कागद आणि स्केचपेन द्या आणि घरासाठी पुणेरी पाट्या लिहायला सांगा. अट एकच, भाषा सभ्य हवी आणि राग शुद्ध मराठीत यायला हवा. आमच्या घरी लागलेल्यांपैकी काही: ‘अभ्यास चालू आहे. आत येऊ नये. खाऊ आणला असल्यास यावे.’ फ्रिजवर: ‘श्रीखंड संपले आहे. कोणी संपवले याची चौकशी करू नये.’ आणि आजोबांच्या खोलीबाहेर: ‘येथे घोरण्याचा आवाज येतो. तो वाघ नाही.’ तिसरी पाटी आजोबांनी आजतागायत काढू दिलेली नाही. ‘येऊ नये’, ‘करू नये’ हे छापील वळण मुलांच्या तोंडी आलं की आपोआप विनोदी होतं, तिथे वेगळं काही शिकवावं लागत नाही.

स्कूटरवरच्या स्कार्फची गंमत तिला आता कळली असेलच. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर सगळ्या आया डोळ्यांपुरत्या उघड्या, बाकी गुंडाळलेल्या. ‘चुकून दुसऱ्याच आईच्या मागे बसलो’ ही गोष्ट प्रत्येक वर्गात कुणीतरी सांगतं. खरी किती ते देव जाणे.

वाचायला म्हणाल तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या या चित्रमालिकेची पुस्तकं मिळतात. त्यात पुण्याचं नाव ठळकपणे येत नाही, पण कॉलनी, क्रिकेट आणि शेजारच्या काकूंच्या कैऱ्या हे सगळं इथलंच. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय, जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यातलं सगळंच विनोदी नाही, चाळून निवडा.

एकाच गोष्टीची सूचना देते. पुणेकरांच्या चिकटपणावरचे विनोद मुलांसमोर जपून करा. मुलं ते विनोद म्हणून साठवत नाहीत, रीत म्हणून साठवतात. माझ्या भाच्यानं दारात आलेल्या पाहुण्यांना अत्यंत अदबीनं “जेवूनच आला असाल ना?” असं विचारलं होतं. पाहुणे नागपूरचे होते, रात्रभर प्रवास करून आलेले. बहिणीनं त्या दिवशी दुपारी पुरणपोळीचा घाट घातला, आणि भाचा दिवसभर विचारत राहिला की आपण हे बरोबरच बोललो होतो ना.